रंग पातळ करताना

विज्ञान प्रदर्शनासाठी आम्ही पुठ्ठ्याचा ज्वालामुखी केला होता. फर्निचरला लावायचा, पाण्यात मिसळणारा अ‍ॅक्रिलिक रंग उरला होता. तो एअरब्रशने फवारायचे ठरले. रंग तसाच भरला. दोन फवारे उडाले आणि तोंड बंद! मग भरपूर पाणी ओतले. आता रंग आला, पण त्याचे ओघळ उतरले आणि पुठ्ठा भिजून फुगला. चुकले कुठे?

हा रंग पाण्यात विरघळलेला नसतो. प्लॅस्टिकचे व रंगद्रव्याचे अतिसूक्ष्म कण पाण्यात विखुरलेले असतात. पाणी उडून गेले की प्लॅस्टिकचे कण एकमेकांना भिडतात, दबतात आणि त्यांचा सलग पापुद्रा होतो. तो पुन्हा पाण्यात मिसळत नाही. म्हणून तर रंगवलेले कपाट ओल्या फडक्याने पुसता येते, आणि म्हणूनच एअरब्रशमध्ये वाळलेला रंग नुसत्या पाण्याने निघत नाही. काम थांबले की लगेच धुवायला हवे.

कुंचल्याने लावायचा रंग ओघळू नये म्हणून मुद्दाम दाट केलेला असतो. एअरब्रशचे भोक मात्र साधारण ०.२ ते ०.५ मिलिमीटर. दाट रंगाचे तिथे बारीक थेंब होत नाहीत. मग पाणी घालायचे किती?

एक साधी चाचणी करता येईल. प्लॅस्टिकच्या पेल्याला तळाशी छोटे भोक पाडा. त्यात दूध भरून पेला किती सेकंदांत रिकामा होतो ते मोजा. आता तेवढाच रंग घ्या. जवळपास तेवढाच वेळ लागेपर्यंत थोडेथोडे पाणी घालून सावकाश ढवळत राहा. शेवटी जुन्या नायलॉनच्या मोज्यातून गाळा. पाणी फार झाले तर कण दूरदूर राहतात, पापुद्रा कच्चा होतो. एका जाड थरापेक्षा वाळवत दिलेले तीन-चार पातळ थर बरे. टर्पेंटाइन किंवा थिनर घालू नका, रंग फाटतो.

‘पाण्याचा रंग, त्यात काय धोका?’ असे वाटते. पण फवाऱ्याचे बारीक कण श्वासाबरोबर फुप्फुसात जातात. रुमाल पुरेसा नाही. फवारणी शिक्षकांनीच, मोकळ्या हवेत, योग्य मास्क लावून करावी. मुलांना दूर उभे करावे.

मुलांसाठी वेगळा प्रयोग आहे. कागदावर जलरंगाचा एक व अ‍ॅक्रिलिकचा एक ठिपका द्या. वाळल्यावर दोन्हींवर ओला कुंचला फिरवा. कोणता सुटतो? का? उत्तर मुलांनाच शोधू द्या.