बहारीनमध्ये सरपण: वाहायचं कसं, ठेवायचं कुठे?

थंडी पडली की साखीरच्या वाळवंटात तंबू लागतात आणि सरपणाची खरेदी सुरू होते. समरचं लाकूड (आपल्या बाभळीच्याच कुळातलं) महाग, पण निखारा तासन्‌तास टिकतो. खजुराच्या झावळ्या भुरकन जळून जातात, त्या फक्त पेटवणापुरत्या.

वाळूत बारीक चाकाची हातगाडी रुततेच. त्यापेक्षा जुन्या ताडपत्रीवर ओंडके ठेवा, पुढच्या दोन कोपऱ्यांना दोर बांधा आणि ओढत न्या. खर्च जवळजवळ शून्य! गाडीतून न्यायचं तर गोणपाटाची पोती उत्तम. हवा खेळते, डिकीत कचराही होत नाही.

साठवणीत खरा शत्रू इथली दमट समुद्री हवा. लाकूड जमिनीला टेकवू नका, वाळवी लागते. खाली पॅलेट टाका, भिंतीपासून वीतभर अंतर सोडून थप्पी रचा. ताडपत्री फक्त वरून घाला, बाजू उघड्याच राहू द्या. सगळं गुंडाळलं की आत घाम धरतो आणि बुरशी येते. थप्पीत हात घालण्याआधी काठीने ठोका, विंचू असू शकतो.

आणि पॅलेट जाळायचा मोह झाला, तर आधी शिक्का बघा. ‘एमबी’ म्हणजे मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेलं लाकूड. ते चुलीत अजिबात घालू नका.