वऱ्हाडी वगळा, वधू-वर शोधा : निव्वळ आयनिक समीकरण



इंदूरच्या आपल्या घरांतली बरीचशी मुले रसायनशास्त्र हिंदीत किंवा इंग्रजीत शिकतात, पण शंका घरच्यांना मराठीत विचारतात. अकरावीच्या सुमारास हमखास अडणारी गोष्ट म्हणजे निव्वळ आयनिक समीकरण. ती घरी मराठीतून समजावता यावी, म्हणून येथे थोडक्यात मांडत आहोत.

मिठाच्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेटचे द्रावण घातले की पांढरा, दह्यासारखा साका दिसतो. हाच अवक्षेप. वहीत आपण लिहितो :

सिल्व्हर नायट्रेट + सोडियम क्लोराईड → सिल्व्हर क्लोराईड + सोडियम नायट्रेट

पण पाण्यात विरघळलेले मीठ अखंड राहत नाही. सोडियम आणि क्लोराईड हे आयन सुटे फिरत असतात. सिल्व्हर नायट्रेटचेही तसेच. म्हणजे भांड्यात चार प्रकारचे आयन आहेत. त्यांतले सोडियम आणि नायट्रेट आधी सुटे होते, नंतरही सुटेच राहिले. ते लग्नातले वऱ्हाडी. पुस्तकात त्यांना प्रेक्षक आयन म्हणतात. दोन्ही बाजूंनी त्यांना वगळले की उरते ते निव्वळ समीकरण :

सिल्व्हर आयन (१+) + क्लोराईड आयन (१−) → सिल्व्हर क्लोराईड (घन)

मिठाऐवजी पोटॅशियम क्लोराईड घेतले तरी समीकरण हेच राहते. म्हणूनच पाण्यात क्लोराईड आहे का, हे पाहायला सिल्व्हर नायट्रेट वापरतात.

सुटे कोणाला लिहायचे? विरघळणारे क्षार, हायड्रोक्लोरिक किंवा नायट्रिकसारखी तीव्र आम्ले आणि सोडियम हायड्रॉक्साईडसारखे तीव्र आम्लारी. अखंड कोणाला लिहायचे? अवक्षेप, वायू, पाणी आणि सौम्य आम्ले. व्हिनेगरमधले अ‍ॅसेटिक आम्ल सौम्य आहे, त्याचे फार थोडे रेणू सुटतात. म्हणून व्हिनेगर आणि खायच्या सोड्याचे समीकरण असे होते :

अ‍ॅसेटिक आम्ल + बायकार्बोनेट आयन (१−) → अ‍ॅसिटेट आयन (१−) + पाणी + कार्बन डायऑक्साईड (वायू)

येथे दोन्हीकडे एकूण प्रभार उणे १ आहे. प्रभार शून्य असायलाच हवा असे नाही. दोन्हीकडे सारखा हवा.

मुलांचे गुण जातात ते नेमके येथे. तांब्याची तार सिल्व्हर नायट्रेटमध्ये ठेवली की तारेवर चांदी जमते आणि द्रावण निळसर होते. मुले लिहितात :

तांबे + सिल्व्हर आयन (१+) → तांब्याचा आयन (२+) + चांदी

अणू मोजले तर हिशेब जुळतो. पण डावीकडे प्रभार १ आणि उजवीकडे २. तांब्याचा अणू दोन इलेक्ट्रॉन देतो, सिल्व्हर आयन एकच घेतो. म्हणून घेणारे दोन हवेत :

तांबे + २ सिल्व्हर आयन (१+) → तांब्याचा आयन (२+) + २ चांदी

आता दोन्हीकडे प्रभार २.

तेव्हा वही पाहताना मुलांना दोनच प्रश्न विचारा : अणू जुळले का? प्रभार जुळला का? दोन्हींचे उत्तर ‘हो’ आले, तरच समीकरण संतुलित.

सरावासाठी एक : बेरियम क्लोराईड आणि सोडियम सल्फेट यांची द्रावणे मिसळली. उत्तर : बेरियम आयन (२+) + सल्फेट आयन (२−) → बेरियम सल्फेट (घन). वऱ्हाडी कोण, ते मुलांनाच सांगू द्या.