दोन हजार काचांचा दिवा

टिफनीचा दिवा लिलावाला आला की जाणकार गिऱ्हाईक तो दोनदा पाहतो, एकदा पेटवून आणि एकदा विझवून. पेटला की काचेतले रंग फुलतात. विझला की तडे, झीज आणि मागाहून बसवलेले तुकडे उघडे पडतात. न्यूयॉर्कच्या ‘टिफनी स्टुडिओज’मध्ये विसाव्या शतकाच्या आरंभी बनलेल्या या फुलांच्या शेडच्या टेबललॅम्पांनी बाजाराला अनेकदा चकित केले आहे. १९९७ साली ‘ख्रिस्टीज’च्या लिलावात गुलाबी कमळांचा एक दिवा सुमारे २८ लाख डॉलरला गेला. २०१८ मध्ये तिथेच ‘पाँड लिली’ने ३३ लाखांचा टप्पा ओलांडला.

लुई कम्फर्ट टिफनी (१८४८–१९३३) हा दागिन्यांच्या नामांकित पेढीच्या मालकाचा मुलगा. पेढीवर न बसता तो आधी चित्रकलेकडे आणि मग काचेकडे वळला. काचेवर रंग फासण्यापेक्षा काचेच्या अंगातच रंग हवा, हा त्याचा आग्रह. क्वीन्समधल्या कोरोना येथील त्याच्या भट्टीत दुधाळ, लहरदार, चुण्या पडलेली, ठिपक्यांची अशी नाना तऱ्हेची काच ओतली जाई. एकाच तावात जांभळा रंग निळ्यात विरघळत जाई. अशा काचेतून पाकळी कापायची, तर ती तावाच्या नेमक्या कुठल्या भागातून, हाच मोठा प्रश्न.

१९०१च्या सुमारास आलेल्या ‘विस्टेरिया’ दिव्याला अशा जवळपास दोन हजार तुकड्यांची गरज पडे. बुंधा ब्राँझचा, एखाद्या वेलीच्या खोडासारखा. वर ब्राँझच्याच फांद्यांची जाळी. तिथून खाली निळ्याजांभळ्या फुलांचे घोस. शेडची खालची कडाही सरळ नाही, घोसांच्या टोकांप्रमाणे वरखाली होणारी. आधी नक्षी लाकडी साच्यावर उतरवत. प्रत्येक तुकड्याचा नमुना घेऊन, उजेडासमोर काच धरून रंग ठरवत आणि मग ती कापत. तुकड्याच्या कडेला तांब्याची पातळ पट्टी गुंडाळत. सगळे तुकडे साच्यावर जुळले की कथील-शिशाचा डाख देऊन सांधत. जाड शिशाच्या पट्ट्यांऐवजी तांब्याची पट्टी वापरल्यानेच नखाएवढ्या काचा जोडून शेडला असा गोलावा देता आला.

ही निवड आणि कापणी मुख्यतः बायका करत. १८९२ मध्ये काचकामगारांच्या संघटनेने संप केला, तेव्हा टिफनीने स्त्रियांचा स्वतंत्र विभाग उघडला. त्याची प्रमुख ओहायोची क्लारा ड्रिस्कॉल. संघटनेत स्त्रियांना प्रवेश नव्हता. १९०३ मध्ये संघटनेशी झालेल्या वादानंतर तर विभागात सत्तावीसपेक्षा जास्त स्त्रिया ठेवायच्या नाहीत, असे ठरले. लग्न केले की नोकरी सोडायची, हाही दंडक होता. क्लाराला आठवड्याला ३५ डॉलर मिळत. त्या काळातल्या नोकरदार स्त्रीच्या मानाने पगार चांगला. पण १९०६च्या दरपत्रकात विस्टेरियाची किंमत ४०० डॉलर होती. म्हणजे स्वतःच कल्पिलेला दिवा विकत घ्यायला तिला अकरा आठवड्यांहून अधिक पगार मोजावा लागला असता.

दिव्यावर ठसा मात्र ‘टिफनी स्टुडिओज, न्यूयॉर्क’ एवढाच. क्लाराने आई-बहिणींना लिहिलेली पत्रे अभ्यासकांच्या हाती २००५ मध्ये लागली, तेव्हा विस्टेरिया आणि चतुर किड्यांचा ‘ड्रॅगनफ्लाय’ अशा कितीतरी दिव्यांची कल्पना तिची होती हे उलगडले. २००७ मध्ये न्यूयॉर्क हिस्टॉरिकल सोसायटीने तिच्यावर आणि तिच्या सहकारी मुलींवर प्रदर्शन भरवले.

मधल्या काळात हे दिवे अडगळीत गेले होते. आवडनिवड बदलली, साध्या सरळ रेषांचा जमाना आला आणि १९३२ मध्ये कंपनीचे दिवाळे वाजले. पुढे तीनच वर्षांनी ईगॉन न्यूस्टाट नावाच्या दंतवैद्याने पत्नीसह ग्रीनिच व्हिलेजमधल्या जुन्या सामानाच्या दुकानातून डॅफोडिल फुलांचा दिवा घेतला तो साडेबारा डॉलरला. लोक हसले असतील, पण तो घेतच राहिला. पुढे त्याने न्यूयॉर्क हिस्टॉरिकल सोसायटीलाच १३२ दिवे दिले.

आज लिलावात ठसा पाहतात, तसा शेड आणि बुंधा मूळचेच जोडीदार आहेत का हेही पाहतात. ब्राँझवरची जुनी झळाळी कुणी घासून काढली असेल तर भाव उतरतो. शंभर वर्षांच्या दिव्यात चारदोन तडे चालतात. बदललेल्या काचा खटकतात, कारण तशी काच आज जुळवणे कठीण. खोटे ठसेही बाजारात कमी नाहीत.

एवढ्या सगळ्या कसोट्यांना उतरल्यावरही एकाच साच्यावरच्या दोन विस्टेरियांना सारखा भाव येत नाही. नक्षी तीच, तुकडे तेवढेच, ठसाही तोच. फरक असतो तो कुणीतरी उजेडासमोर ताव फिरवून हा भाग घेतला आणि तो टाकला, यात. क्लाराचे नाव आता लिलावाच्या सूचीत छापले जाते. पण तिच्या विभागातल्या कुठल्या मुलीने कुठल्या दिव्याची काच निवडली, याची नोंद दिव्यावर नाही. आणि बोली चढते ती नेमकी त्या निवडीवरच.