जुन्या वाहनासाठी बदली उत्प्रेरक परिवर्तकाची निवड

कॅटॅलिटिक कन्व्हर्टर अर्थात उत्प्रेरक परिवर्तक हा मोटारीच्या इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुरातील विषारी वायूंचे रासायनिक क्रियेने कमी घातक वायूंत रूपांतर करणारा भाग होय. तो इंजिन व सायलेन्सर यांच्या दरम्यान धुराच्या नळीत बसवलेला असतो. गॅरेजच्या बोलीत त्याला ‘कॅट’ किंवा ‘कॅटकॉन’ म्हणतात. वाहन दहा-पंधरा वर्षांचे झाले की हा भाग निकामी होण्याचा संभव वाढतो आणि त्याच्या जागी कोणता नवा भाग बसवावा हा प्रश्न मालकापुढे उभा राहतो. बाजारात मिळणारे बदली परिवर्तक बाहेरून जवळजवळ सारखेच दिसतात. त्यांच्या आत काय आहे, हे मात्र डोळ्यांनी कळत नाही. निवडीतील खरी अडचण हीच आहे.

प्रस्तुत लेखात प्रामुख्याने पेट्रोल व सीएनजीवर चालणाऱ्या मोटारींचा विचार केला आहे. डिझेल वाहनांतील परिवर्तक व काजळीचे गाळणे यांची रचना निराळी असते.

रचना व कार्य

पोलादी कवचाच्या आत मधमाश्यांच्या पोळ्यासारखा, असंख्य बारीक समांतर छिद्रे असलेला एक ठोकळा असतो. तो बहुधा कॉर्डिएराइट या चिनी मातीसारख्या पदार्थाचा, तर काही वाहनांत धातूच्या पातळ पत्र्याचा असतो. छिद्रांच्या भिंतींवर ॲल्युमिना व सिरियम ऑक्साइड यांचा खरखरीत लेप देऊन त्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम व ऱ्होडियम या मौल्यवान धातूंचे सूक्ष्म कण पसरवलेले असतात. स्वतः न संपता रासायनिक क्रियेचा वेग वाढवणाऱ्या पदार्थाला उत्प्रेरक म्हणतात. येथे ते काम हे धातू करतात. एका परिवर्तकात त्यांचे एकूण वजन अवघे काही ग्रॅम असते, पण भागाच्या किमतीचा मोठा हिस्सा त्यांचाच असतो.

पेट्रोल मोटारीतील परिवर्तकाला ‘त्रिमार्गी’ म्हणतात, कारण तो तीन कामे एकाच वेळी करतो. कार्बन मोनॉक्साइडचा कार्बन डायऑक्साइड होतो, न जळलेल्या हायड्रोकार्बनांचे पाणी व कार्बन डायऑक्साइड होते आणि नायट्रोजनच्या ऑक्साइडांचे क्षपण होऊन साधा नायट्रोजन उरतो. त्यासाठी हवा व पेट्रोल यांचे वजनी प्रमाण १४.७ : १ च्या अगदी जवळ राहावे लागते. हे प्रमाण ऑक्सिजन संवेदक आणि इंजिनाचा संगणक मिळून सांभाळतात. शिवाय ठोकळा सुमारे २५० ते ३०० अंश सेल्सिअस तापल्याखेरीज क्रिया नीट सुरू होत नाही. तापलेला व सुस्थितीतील परिवर्तक या तिन्ही प्रदूषकांचा नव्वद टक्क्यांहून अधिक भाग नाहीसा करतो; थंड असताना तो जवळपास निरुपयोगी असतो.

भारतातील पार्श्वभूमी

फ्रेंच अभियंता यूजीन हूड्री याने अमेरिकेत असताना १९५०च्या दशकात मोटारीच्या धुरासाठी परिवर्तक विकसित केले. त्यांचा सार्वत्रिक वापर मात्र अमेरिकेत १९७५ सालच्या मोटारींपासून सुरू झाला. पेट्रोलमध्ये मिसळले जाणारे शिसे उत्प्रेरकावर बसून त्याला निकामी करते, म्हणून आधी बिनशिशाचे पेट्रोल उपलब्ध होणे आवश्यक होते. भारतात १ एप्रिल १९९५ पासून मुंबई, दिल्ली, कोलकाता व चेन्नई या महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना परिवर्तक सक्तीचा झाला. बिनशिशाचे पेट्रोल देशभर मिळू लागले ते २००० साली.

पुढील मानके सर्वत्र एकाच दिवशी लागू झाली नाहीत, आणि जुन्या वाहनाचा परिवर्तक निवडताना ही गोष्ट विशेष महत्त्वाची ठरते. भारत स्टेज ३ हे मानक मुंबई-पुण्यासारख्या निवडक शहरांत १ एप्रिल २००५ पासून, तर उर्वरित देशात २०१० मध्ये आले. भारत स्टेज ४ निवडक शहरांत १ एप्रिल २०१० पासून व देशभर १ एप्रिल २०१७ पासून लागू झाले. भारत स्टेज ६ मात्र १ एप्रिल २०२० रोजी सर्वत्र एकदमच आले. परिणामी २००६ साली मुंबईत विकलेली मोटार स्टेज ३ची, तर त्याच साली कोल्हापुरात विकलेली त्याच नावाची मोटार स्टेज २चीही असू शकते.

कामोठे व पनवेल परिसर

कामोठे ही रायगड जिल्ह्याच्या पनवेल तालुक्यातील, सिडकोने विकसित केलेली नवी मुंबईतील वसाहत असून २०१६ पासून ती पनवेल महानगरपालिकेत समाविष्ट आहे. येथील लोकवस्तीत राज्याच्या निरनिराळ्या भागांतून आलेली कुटुंबे आहेत आणि त्यांच्यासोबत निरनिराळ्या जिल्ह्यांत नोंदलेली वाहनेही आली आहेत. पनवेलच्या एमएच ४६ या क्रमांकाशेजारी मुंबईची, पुण्याची, साताऱ्याची आणि कोकणातली पाटी दिसणे नित्याचे आहे. एकाच गल्लीत उभ्या असलेल्या एकसारख्या दोन मोटारींना दोन वेगळे परिवर्तक लागू शकतात ते यामुळेच.

या परिसरातील वापराची पद्धतही परिवर्तकाला फारशी मानवणारी नाही. नोकरीसाठी हार्बर मार्गाच्या लोकलने जाणाऱ्या घरांत मोटार पुष्कळदा मानसरोवर किंवा खांदेश्वर स्थानकापर्यंतच धावते. अशा चार-पाच मिनिटांच्या फेरीत ठोकळा पुरेसा तापतच नाही. त्यावर काजळी साचते आणि नळीत पाणी राहून पोलाद गंजते. खाडीलगतच्या खारट हवेत हा गंज आणखी लवकर धरतो. पावसाळ्यात तुंबलेल्या पाण्यातून तापलेली मोटार नेल्यास कवच एकाएकी थंड होऊन आतला ठोकळा तडकण्याची भीती असते. सीएनजी संच बसवलेल्या मोटारींचा प्रश्न निराळा आहे. नैसर्गिक वायूतील मिथेन हा सहजी न जळणारा हायड्रोकार्बन असल्याने त्याला अधिक तापमान व पॅलेडियमचे अधिक प्रमाण लागते. संच नीट जुळवलेला नसेल तर ठिणगी चुकते आणि न जळलेले इंधन परिवर्तकात जाऊन पेटते.

बिघाडाची खात्री

परिवर्तक बदलण्यापूर्वी तो खरोखरच बिघडला आहे का, हे पाहणे आवश्यक असते. डॅशबोर्डावरील इंजिनाचा दिवा लागला आणि तपासयंत्राने ‘पी ०४२०’ हा संकेत दाखवला, की परिवर्तक बदलण्याचा सल्ला लगेच दिला जातो. या संकेताचा अर्थ परिवर्तकाची कार्यक्षमता कमी भासते, एवढाच आहे. परिवर्तकाआधी नळीला चीर पडून बाहेरची हवा आत येत असेल किंवा ऑक्सिजन संवेदक थकला असेल, तरीही हाच संकेत मिळू शकतो. संवेदकाची किंमत परिवर्तकाच्या मानाने पुष्कळ कमी असल्याने तपासणीचा क्रम तेथूनच सुरू होणे शहाणपणाचे. स्टेज ३ व त्याआधीच्या अनेक मोटारींत परिवर्तकानंतरचा दुसरा संवेदकच नसतो. अशा मोटारींत दिवा लागण्याची वाट पाहण्यात अर्थ नाही.

ठोकळा वितळून किंवा फुटून छिद्रे बुजली असतील तर लक्षणे स्पष्ट असतात. मोटार चढावर दमते, वेग धरत नाही, क्वचित बंद पडते. पुढचा संवेदक काढून त्या जागी दाबमापक बसवला असता इंजिनाच्या २,५०० फेऱ्यांना सुमारे ०.२ बारहून अधिक दाब दिसला, तर नळी तुंबल्याचा संशय दृढ होतो. रबरी हातोड्याने हलके ठोकल्यावर आतून खुळखुळ ऐकू आली तर ठोकळा सुटला किंवा फुटला असावा. बाहेरून कवचाचे तापमान मोजून निदान करण्याची पद्धत प्रचलित असली तरी ती भरवशाची नाही.

जुना परिवर्तक कशाने गेला, हे शोधल्याविना नवा बसवणे म्हणजे गळक्या घागरीत पाणी भरणे होय. इंजिन तेल जाळत असेल तर तेलातील फॉस्फरस व जस्त उत्प्रेरकावर थर धरतात. सिलिंडर हेडच्या गॅस्केटमधून शीतकद्रव झिरपत असेल तरी तेच घडते. चुकणारी ठिणगी, गळका इंजेक्टर, झिजलेले प्लग यांमुळे कच्चे इंधन आत जाऊन ठोकळा वितळतो. ही दुरुस्ती आधी झाली नाही तर महागातला नवा भागही काही महिन्यांत जुन्याच्या वाटेने जातो.

निवड

सर्वांत खात्रीचा मार्ग म्हणजे चासी क्रमांक देऊन वाहननिर्मात्याच्या अधिकृत विक्रेत्याकडून नेमका भाग मागवणे. मोटारीचे नाव व वर्ष सांगून भाग घेणे पुरेसे नाही, हे वर दिलेल्या मानकांच्या तारखांवरून ध्यानात येईल. या मार्गाची अडचण म्हणजे किंमत. शिवाय उत्पादन थांबलेल्या मोटारींचे भाग कधीकधी मिळतच नाहीत.

दुसरा पर्याय अन्य उत्पादकांच्या नव्या भागांचा. यात विशिष्ट मोटारीसाठी घडवलेले, मूळ नळीला थेट जुळणारे परिवर्तक आणि कापून-जोडून कोठेही बसवता येणारे सार्वत्रिक परिवर्तक असे दोन प्रकार आहेत. सार्वत्रिक प्रकार स्वस्त पडतो, परंतु त्याचा ठोकळा त्या इंजिनाच्या मानाने लहान असू शकतो. इंजिनाची घनक्षमता, मोटारीचे मानक आणि इंधन या तिन्हींसाठी हा भाग योग्य असल्याचे उत्पादकाने लेखी नमूद केले आहे का, हे पाहावे. ठोकळ्याचे आकारमान, दर चौरस इंचातील छिद्रांची संख्या (४०० ही परिचित संख्या आहे) आणि मौल्यवान धातूंचे प्रमाण विचारावे. या प्रश्नांना ‘सगळ्या गाड्यांना चालतो’ एवढेच उत्तर मिळत असेल, तर तो भाग न घेणे बरे. अमेरिकेत अशा बदली भागांच्या कवच-जोडांना पाच वर्षे अथवा ५०,००० मैल व कार्यक्षमतेला २५,००० मैल अशी हमी देण्याची अट १९८६ पासून आहे. युरोपात त्यांच्यासाठी संयुक्त राष्ट्रांचे १०३ क्रमांकाचे विनियम आहेत. आयात भागावर अशा मान्यतेचा क्रमांक कोरलेला असल्यास तो तपासून घेता येतो.

परिवर्तकाची जागा बदलू नये. इंजिनाला लागून असलेला परिवर्तक काढून मोटारीच्या पोटाखाली बसवल्यास तो उशिरा तापतो आणि छोट्या फेऱ्यांत काहीच काम करत नाही. कामोठ्यासारख्या ठिकाणच्या वापरात तर हा दोष अधिकच जाणवतो. संवेदकांची आटे असलेली भोके मूळ जागीच असावीत. उष्णतारोधक पत्रा परत बसवल्याची खात्री करावी, कारण तापलेल्या परिवर्तकाखालच्या वाळलेल्या गवताने पेट घेण्याचा धोका असतो.

मोडीतल्या मोटारीतून काढलेला परिवर्तक हा तिसरा पर्याय. कुर्ल्यासारख्या जुन्या सुट्या भागांच्या बाजारांत तो शोधला जातो. त्याचे वय, त्याने किती तेल प्यायले आणि तो किती तापला, यांपैकी काहीही विकत घेताना कळत नाही. अपघातात सापडलेल्या कमी वापराच्या मोटारीचा, कागदपत्रांसह मिळालेला भाग सोडला तर हा व्यवहार जुगारासारखा आहे.

चौथा मार्ग निवडीचा नव्हे, पळवाटेचा आहे. ठोकळा फोडून कवच तसेच ठेवायचे, किंवा आत काहीच नसलेले नवे कवच बसवायचे. मोटार हलकी पळते व इंधन वाचते असे त्याचे समर्थन केले जाते. तुंबलेला परिवर्तक काढल्यावर फरक जाणवतो हे खरे, पण तो सुस्थितीतील नवा बसवला तरी जाणवेल. मोटार वाहन अधिनियमाच्या कलम ५२ अन्वये निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत फेरबदल निषिद्ध असून, २०१९च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ नुसार अशा प्रत्येक फेरबदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कारावास, ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

पीयूसी चाचणीची मर्यादा

‘पीयूसी मिळते, म्हणजे परिवर्तक ठीक आहे’ हा समज व्यापक आहे. पेट्रोल मोटारीच्या पीयूसी चाचणीत इंजिन जागेवर चालवून कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोकार्बन मोजतात. स्टेज २ व ३च्या चारचाकींसाठी मर्यादा अनुक्रमे ०.५ टक्के व ७५० पीपीएम, तर स्टेज ४साठी ०.३ टक्के व २०० पीपीएम आहे. नायट्रोजनची ऑक्साइडे या चाचणीत मोजलीच जात नाहीत. नीट जुळवलेल्या इंजिनाची स्टेज ३ची मोटार पोकळ कवच लावूनही या मर्यादेत बसू शकते. ती रस्त्यावर ओझे घेऊन धावू लागली की नायट्रोजनची ऑक्साइडे विनाअडथळा बाहेर पडतात. उन्हात हायड्रोकार्बनांशी संयोग होऊन त्यांपासून जमिनीलगतचा ओझोन तयार होतो, जो दमेकऱ्यांना व मुलांना त्रासदायक असतो. शीव–पनवेल महामार्गालगत, अवजड वाहनांच्या धुरात आधीच राहणाऱ्या वस्तीला ही भर परवडणारी नाही. त्यामुळे प्रमाणपत्र बाळगणे कायद्याने आवश्यक असले तरी परिवर्तकाच्या प्रकृतीचा तो पुरावा मानता येत नाही.

खर्चाचा विचार

खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. त्यानंतर तपासणी करून ती पाच वर्षांसाठी वाढवता येते आणि महाराष्ट्रात त्यावेळी पर्यावरण करही भरावा लागतो. चौदा वर्षांच्या मोटारीत मूळ प्रतीचा परिवर्तक बसवताना पुढील पाच वर्षे ती ठेवायची आहे का, हे आधी ठरवावे लागते. इंजिन तेल जाळत असेल तर त्याच्या दुरुस्तीचा खर्चही याच हिशेबात धरला पाहिजे. बेरीज मोटारीच्या बाजारभावाच्या जवळ गेली तर नोंदणीकृत भंगार केंद्राचा विचार करणे रास्त ठरते.

जुना परिवर्तक गॅरेजमध्ये तसाच सोडून येऊ नये. निकामी झाला तरी त्यातील प्लॅटिनम, पॅलेडियम व ऱ्होडियम बहुतांशी शिल्लक असतात आणि ते परत मिळवण्याचा उद्योग जगभर चालतो. नवी मुंबईच्या ठाणे–बेलापूर औद्योगिक पट्ट्यातही मौल्यवान धातूंच्या शुद्धीकरणाचे कारखाने आहेत. जुन्या भागाची किंमत नव्याच्या बिलातून वजा करून घेता येते. ती किती धरली, हे बिलावर स्वतंत्र लिहून घ्यावे.