अपस्मार आणि अपंगत्वाचा दाखला

वर्गात एखाद्या मुलाला फीट येते. दोन-तीन मिनिटांत झटके थांबतात आणि दुसऱ्या दिवशी ते मूल इतरांसारखेच बाकावर बसलेले असते. अशा मुलाला अपंगांसाठीच्या सवलती मिळतात का? पालक हा प्रश्न अनेकदा शिक्षकांनाच विचारतात.

मेंदूतील चेतापेशी एकमेकींना विद्युत संदेश देत असतात. असंख्य पेशी एकाच वेळी बेसुमार संदेश सोडू लागल्या की झटका येतो. असे झटके पुन्हा पुन्हा येण्याची प्रवृत्ती म्हणजे अपस्मार. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते योग्य उपचारांनी सुमारे ७० टक्के रुग्ण झटक्यांपासून मुक्त राहू शकतात.

दाखल्याची अडचण इथेच आहे. दाखल्यासाठी टिकून राहणारी उणीव टक्क्यांत मोजतात. झटका तर येतो आणि जातो. १९९५ च्या कायद्यातील सात प्रकारांत अपस्मार नव्हता. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने २१ प्रकार मान्य केले, पण त्यांतही त्याचे नाव नाही. म्हणून केवळ ‘फीट येते’ एवढ्यावर दाखला मिळेल असे धरून चालू नये. मात्र अपस्मारासोबत सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता किंवा अध्ययन अक्षमता असेल, तर त्या कारणाने तपासणी करून घेता येते. अपस्मार असलेल्या मुलांत या अक्षमता अधिक आढळतात आणि फीटच्या काळजीत त्यांच्याकडे दुर्लक्ष होते.

अर्ज केंद्र सरकारच्या ‘स्वावलंबन’ संकेतस्थळावर करावा लागतो. तपासणी सरकारी रुग्णालयात होते. कोल्हापुरात छत्रपती प्रमिलाराजे, म्हणजे आपल्या सीपीआर रुग्णालयात. अपंगत्व ४० टक्के किंवा अधिक ठरल्यास ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आणि पुढे सरकारी नोकऱ्यांत ४ टक्के राखीव जागांचा लाभ मिळू शकतो. उत्पन्नाच्या अटीत बसणाऱ्यांना संजय गांधी निराधार अनुदान योजनेसाठी तहसील कार्यालयात अर्ज करता येतो.

यात शिक्षक काय करू शकतात? डॉक्टरांना झटका प्रत्यक्ष क्वचितच दिसतो. तो आपल्याला दिसतो. तेव्हा तारीख, वेळ, झटका किती मिनिटे टिकला, नंतर गुंगी किती वेळ राहिली, हे वहीत लिहून ठेवावे. वाचन-गणितातील अडचणीही नोंदवाव्यात. ही वही औषधाची मात्रा ठरवायला उपयोगी पडते आणि तपासणीच्या वेळीही.

झटका आला तर मुलाला कुशीवर वळवावे. तोंडात काही घालू नये. कांदा किंवा चप्पल हुंगवण्याचा काही उपयोग नसतो. पाच मिनिटांत झटका थांबला नाही, तर ताबडतोब रुग्णालय गाठावे. दाखला मिळो न मिळो, औषध नियमित चालू राहणे आणि शाळा न सुटणे, या दोन गोष्टींसाठी कोणत्याही टक्केवारीची अट नाही.