हुकूम मोडणारा कुत्रा

लहानपणापासून कुत्र्याशी बोलायचा आपला एकच शब्द : "हाड!" इथे कॅनडात तो बसमध्येही शेजारी बसतो आणि आम्ही अंग चोरतो. पण अंध व्यक्तीला नेणाऱ्या गाईड डॉगची गोष्ट वेगळी.

सिग्नलचा दिवा बघून तो रस्ता ओलांडत नाही. रहदारीचा आवाज ऐकून माणूस ठरवतो आणि "फॉरवर्ड" म्हणतो. तेवढ्यात गाडी वळून आली तर कुत्रा हुकूम मोडून जागीच थांबतो. हुकूम पाळायला शिकवणं सोपं, वेळेवर मोडायला शिकवणं अवघड. (आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना हे अजून नीट साधलेलं नाही!)

म्हणून कामावरच्या कुत्र्याला हात लावायचा नाही, हाका मारायच्या नाहीत, चकलीचा तुकडाही द्यायचा नाही. बोलायचं ते माणसाशी. ऑन्टॅरिओत कायद्याने त्याला हॉटेलात, टॅक्सीत मज्जाव करता येत नाही. आपल्या गणेशोत्सवाच्या दारावरच्या स्वयंसेवकांनीही हे ध्यानात ठेवावं. ज्यांना भीती वाटते त्यांनी जरा लांबची खुर्ची घ्यावी.

ओकव्हिलची लायन्स फाउंडेशन ऑफ कॅनडा डॉग गाईड्स ही संस्था १९८३ची. पिल्लू आधी स्वयंसेवक कुटुंबात साधारण वर्षभर वाढतं, मग संस्थेत काही महिने शिकतं. एका कुत्र्यामागे खर्च सुमारे ३५,००० डॉलर. गरजू माणसाकडून एक सेंटही घेत नाहीत. सगळी भिस्त देणग्यांवर. यंदाचा आपला निधी तिकडेच जाणार आहे. पाकिटं चहाच्या टेबलापाशी ठेवली आहेत.