माशाचे तेल : जुनी कीर्ती आणि नवी कॅप्सूल

सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांना समुद्र नाही. कुंभार्ली घाट उतरून चिपळूणच्याही पुढे गेल्यावाचून कराडच्या माणसास खाऱ्या वाऱ्याचा वास येत नाही. असे असूनही सातारच्या राजपथावर असो की सांगली-मिरजेच्या पेठेत असो, औषधांच्या दुकानात माशाच्या तेलाच्या कॅप्सूलची बाटली आज हटकून आढळते. पन्नाशी ओलांडलेले गृहस्थ ती हृदयविकाराच्या धास्तीने नेतात, आजीबाई गुडघ्यांसाठी नेतात, तर परीक्षा जवळ आलेल्या मुलाची आई त्याच्या स्मरणशक्तीसाठी नेते. इतक्या निरनिराळ्या गाऱ्हाण्यांवर एकच वस्तू लागू पडते असे सांगण्यात येऊ लागले म्हणजे सुज्ञ माणसाने पाकिटात हात घालण्यापूर्वी थोडे थांबावे हे बरे.

या बाबतीत पहिला घोटाळा नावाचाच आहे. ‘माशाचे तेल’ या एका नावाखाली दोन अगदी वेगळ्या वस्तू खपतात. एक म्हणजे माशाच्या यकृताचे तेल, म्हणजे काळजाचे तेल. जुन्या पिढीच्या नाकात ज्याचा दर्प अजून बसलेला आहे ते कॉड लिव्हर ऑइल ते हेच. दुसरे म्हणजे तारली, बांगडा किंवा परदेशातील अँकोव्ही यांसारख्या माशांच्या सबंध अंगातून काढलेले तेल. पहिल्याचे सामर्थ्य त्यातील ‘अ’ आणि ‘ड’ जीवनसत्त्वांत आहे. दुसऱ्याचे मोल ओमेगा-३ नावाच्या स्निग्धाम्लांवर ठरते. यकृताच्या तेलातही ओमेगा-३ असते हे खरे. पण जीवनसत्त्वांच्या प्रमाणामुळे ते वाटेल तितके घेता येत नाही. नव्या कॅप्सूलला जी कीर्ती लाभली आहे, तिच्यातील पुष्कळसा भाग या जुन्या तेलाने मिळवून ठेवलेला आहे.

ती कीर्ती मात्र खोटी नव्हती. युरोपातील धुराने कोंदलेल्या शहरांत मुलांना ऊन मिळत नसे आणि त्यांची हाडे मऊ पडून पाय वाकत. यालाच आपल्याकडे मुडदूस म्हणतात. १९१९ साली इंग्लंडमध्ये एडवर्ड मेलनबी यांनी कुत्र्याच्या पिलांवर प्रयोग करून दाखविले की, विशिष्ट आहाराने हा रोग उत्पन्न करता येतो आणि कॉड माशाच्या यकृताच्या तेलाने तो टळतो. पुढे त्या तेलातील गुणकारी द्रव्याचा छडा लागून त्यास ‘ड’ जीवनसत्त्व हे नाव मिळाले. रातांधळेपणावर आणि मुलांच्या डोळ्यांतील फुलांवर त्याच तेलातील ‘अ’ जीवनसत्त्व उपयोगी पडले. शरीरात ज्याची उणीव होती ते मिळाले आणि रोग हटला, असा हा सरळ हिशेब होता.

आपल्या इकडे या तेलाची गोष्ट दुसऱ्या महायुद्धात रंगली. कॉडचे तेल बव्हंशी नॉर्वेकडून येई. एप्रिल १९४० मध्ये जर्मनीने नॉर्वे व्यापला आणि तो पुरवठा तुटला. तेव्हा आपल्याच किनाऱ्यावर विपुल सापडणाऱ्या मुशीकडे, म्हणजे शार्क माशाकडे, सरकारचे लक्ष गेले. मद्रास इलाख्यात कालिकतला आणि इकडे मुंबईस मुशीच्या यकृताचे तेल काढण्यास प्रारंभ झाला. शोधाअंती असे आढळले की, आपल्या मुशींच्या तेलात ‘अ’ जीवनसत्त्व कॉडच्या तेलापेक्षा कितीतरी पटींनी अधिक असते. ‘ड’ मात्र तितके नसते. कोकणातील कोळी ज्या तेलाने होड्यांची लाकडे माखीत, त्याच जातीचे तेल शुद्ध होऊन शहरातल्या मुलांच्या चमच्यात आले. बडोद्याच्या अलेंबिक कारखान्याचे ‘शार्कोफेरॉल’ पुढे कित्येक मराठी घरांच्या फडताळात असे. ज्या घरांत मासळीचे नावही निघत नसे, तेथेही ‘औषध म्हणून चालते’ एवढ्या सबबीवर ते घेतले जाई. आपद्धर्माची सोय आपल्या शास्त्रकारांनी मोठ्या दूरदृष्टीने करून ठेवली होती, असेच म्हणावे लागते.

१९४७ साली स्वित्झर्लंडमध्ये ओटो इस्लर यांनी ‘अ’ जीवनसत्त्व प्रयोगशाळेत तयार केले आणि मुशीच्या यकृताचे महत्त्व ओसरू लागले. ‘अ’ जीवनसत्त्वाच्या अभावी येणारे अंधत्व टाळण्यासाठी भारत सरकारने १९७० साली योजना हाती घेतली. तिच्याखाली लहान मुलांना ठराविक मुदतीने जो डोस पाजतात, तो मासळीवर अवलंबून नाही. ‘ड’ जीवनसत्त्वही आता स्वतंत्र गोळीच्या रूपाने, मोजून, मिळते. तेव्हा या दोहोंसाठी आज माशाचे तेल घेण्याचे कारण उरलेले नाही.

आता दुसऱ्या तेलाकडे वळू. १९७० नंतरच्या काही वर्षांत बँग आणि डायरबर्ग या डॅनिश संशोधकांनी ग्रीनलंडमधील इनुइट लोकांच्या रक्ताची तपासणी केली. हे लोक सील आणि मासे खाऊन राहणारे, म्हणजे भरपूर चरबी पचविणारे. तरी त्यांच्यात हृदयविकार क्वचितच आढळतो असा समज होता. त्यांच्या रक्तात ईपीए आणि डीएचए या दोन ओमेगा-३ स्निग्धाम्लांचे प्रमाण मोठे आढळले. इनुइटांना हृदयविकार खरोखरच कमी होता काय, याविषयी पुढे शंका घेतल्या गेल्या. पण तोपर्यंत कल्पनेने मूळ धरले होते. तिला बळकटी मिळाली ती इटलीत. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या ११,३२४ रोग्यांवर तेथे प्रयोग झाला. त्याचा १९९९ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा की, रोज सुमारे एक ग्रॅम ओमेगा-३ घेणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण घटले. तेथपासून कॅप्सूलचा सुकाळ झाला.

तथापि वैद्यकशास्त्रात एका प्रयोगाने निकाल लागत नाही. काळ बदलला, हृदयरोग्यांना नवी औषधे सरसकट मिळू लागली आणि त्या बदललेल्या परिस्थितीत तोच प्रश्न पुन्हा विचारणे भाग पडले. अमेरिकेत ज्यांना हृदयविकार नाही अशा २५,८७१ प्रौढ स्त्रीपुरुषांना दोन गटांत विभागून, एका गटास पाच वर्षांहून अधिक काळ रोज एक ग्रॅमची ओमेगा-३ कॅप्सूल आणि दुसऱ्यास दिसायला तशीच पण निर्गुण कॅप्सूल देण्यात आली. २०१८ साली निकाल बाहेर आला. हृदयविकाराचा झटका, पक्षाघात आणि हृदयविकाराने मृत्यू या सर्वांचा एकत्र विचार करता, दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक नव्हता. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये मधुमेहाच्या १५,४८० रोग्यांवरील प्रयोगाचाही निष्कर्ष तोच निघाला. आपल्या शहरांतून घरटी एखादा मधुमेही सापडतो, म्हणून ही दुसरी संख्या ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

अमेरिकेतील प्रयोगात एक बारकावा होता आणि तो घाटावरच्या वाचकास लपवून ठेवणे योग्य होणार नाही. ज्यांच्या आहारात मासळी फार थोडी होती, त्यांच्यात कॅप्सूलचा काहीसा फायदा दिसून आला. परंतु प्रयोग मुळात त्या प्रश्नासाठी आखलेला नव्हता. मोठ्या समूहाचे लहान लहान तुकडे पाडून पाहिले म्हणजे कोठे तरी काही तरी हाती लागतेच. म्हणून त्यास पुढील शोधाची दिशा समजावे, सिद्धान्त समजू नये.

मग हे तेल सर्वस्वी निरुपयोगी म्हणावे काय? तसे नाही. रक्तातील ट्रायग्लिसराइड नावाची चरबी फार वाढली असता रोज दोन ते चार ग्रॅम ओमेगा-३ दिल्याने ती निश्चित उतरते. याविषयी दुमत नाही. ती उतरल्याने झटका टळतो काय, येथे मात्र वाद आहे. २०१८ साली एका प्रयोगात शुद्ध ईपीएच्या चार ग्रॅम मात्रेने झटके वगैरे सुमारे पाव हिश्शाने घटले. २०२० साली ईपीए-डीएचएच्या मिश्रणावर तितक्याच मात्रेचा प्रयोग झाला, त्यात काहीच साधले नाही. संधिवाताच्या ज्या प्रकारात सांधे सुजतात आणि सकाळी आखडतात, त्यात मोठ्या मात्रेने वेदना थोडी कमी होते. आजीबाईंचे गुडघे बहुधा झिजेने दुखत असतात. त्यांना याचा आधार फारसा मिळत नाही. मुलांच्या स्मरणशक्तीविषयीच्या जाहिरातींना तर पुराव्याचे पाठबळ अगदीच तोकडे आहे.

सर्वांत आश्वासक गोष्ट गर्भवतींविषयी आहे आणि तीच दुकानात कमी ऐकू येते. अनेक प्रयोगांचे निष्कर्ष एकत्र करून २०१८ साली असे दाखविण्यात आले की, गरोदरपणी ओमेगा-३ घेतल्याने ३४ आठवड्यांच्या आत होणाऱ्या प्रसूतींचे प्रमाण शेकडा ४.६ वरून २.७ वर येते. फार लवकर जन्मलेल्या अर्भकाची काळजी ज्या घराने वाहिली आहे, त्यास या आकड्यांचा अर्थ समजावून द्यावा लागणार नाही. मात्र हे ओमेगा-३ माशाच्या अंगातील तेलाचे किंवा शेवाळाचे असावे आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्यावे. यकृताचे तेल गर्भवतीने घेऊ नये. ‘अ’ जीवनसत्त्व अतिरिक्त झाल्यास गर्भात व्यंग निर्माण होऊ शकते. नावाचा घोटाळा केवळ शाब्दिक नाही तो यासाठी.

आता बाटलीवरील अंकगणित. चिठ्ठीवर ठळक अक्षरांत १००० मिलिग्रॅम असे छापलेले असते. तो आकडा तेलाचा असतो, ओमेगा-३ चा नव्हे. मागील बाजूस बारीक अक्षरांत पाहिले तर सामान्य कॅप्सूलमध्ये ईपीए १८० आणि डीएचए १२० मिलिग्रॅम, मिळून ३००, एवढेच निघते. म्हणजे एक ग्रॅम ओमेगा-३ साठी तीनचार कॅप्सूल पाहिजेत, आणि ट्रायग्लिसराइडसाठी डॉक्टर जी चार ग्रॅमची मात्रा योजतात ती भरण्यास रोज तेरा-चौदा! इतक्या कॅप्सूल कोणी घेत नाही आणि घेऊही नयेत. मोठ्या मात्रेने काहींच्या हृदयाची लय बिघडते असे या प्रयोगांतूनच दिसून आले आहे. आणि रक्त पातळ करण्याची औषधे चालू असलेल्यांनी तर डॉक्टरांना विचारल्यावाचून त्या वाटेस जाऊ नये. याहून मोठा धोका निराळाच आहे. ‘तेल चालू केले आहे, आता रक्तदाबाची गोळी कशाला?’ असे म्हणून चालू औषध सोडणारा गृहस्थ प्रत्येक गल्लीत एखादा तरी असतो. गोळीने रक्तदाब आटोक्यात राहतो हे सिद्ध आहे. तिची जागा कॅप्सूल घेऊ शकत नाही.

ज्यांच्या घरी मासळी चालते त्यांना याहून सोपा मार्ग मोकळा आहे. आठवड्यातून एकदोन वेळा मासळी खावी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. बुधवार, शुक्रवार, रविवार हे आपले सामिष वार पाहता त्यात अडचण नसावी. मासळी कोणती, एवढे पाहावे. पाहुण्यांपुढे मानाने वाढावयाच्या पापलेटापेक्षा स्वस्त बांगड्यात आणि तारलीत ओमेगा-३ अधिक असते. येथे गरिबाच्या ताटाने श्रीमंताच्या ताटावर मात केली आहे. पावसाळ्यात यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते आणि पाठोपाठ श्रावण येतो, तेव्हा तेवढा खंड पडतो. त्याने काही बिघडत नाही. कृष्णा-वारणेच्या गोड्या पाण्यातील मासळी पौष्टिक खरी, पण हे द्रव्य तिच्यात तेलकट समुद्रमाशांपेक्षा कमी. सुके बोंबील आणि सुकट घाटावर फार आवडीने खातात. त्यांत प्रथिने आणि चुना विपुल असतो, तेल मात्र नाममात्र. खाऱ्या बांगड्यात तेल असते, पण मिठाचा भार असा की रक्तदाब असलेल्याने तो जपूनच खावा. आणि मासळी कढईभर तेलात तळण्यापेक्षा तिचे कालवण बरे.

शाकाहारी घरांचे काय? जवसाची चटणी आपल्याकडे परंपरेने आहेच. जवसात शेकडा चाळीसच्या आसपास तेल असते आणि त्याचा निम्म्याहून अधिक भाग ओमेगा-३ वर्गातील एका स्निग्धाम्लाचा असतो. ते माशाच्या तेलातील नव्हे. शरीर त्याचे ईपीए करते ते थोडे आणि डीएचए करते ते अत्यल्प. तरी चटणी चांगलीच. फक्त जवस भाजून कुटलेले असावे, कारण अख्खा दाणा तसाच पोटातून निघून जातो. डीएचएची खरोखरच जरुरी असेल, उदाहरणार्थ शाकाहारी गर्भवतीस, तर ते शेवाळापासून काढलेले मिळते. मासाही ते स्वतः फारसे तयार करीत नाही. समुद्रातील सूक्ष्म शेवाळापासूनच ते त्याच्या अंगी येते. घेताना वेष्टनावरील हिरवी खूण पाहावी, कारण आतले तेल शेवाळाचे असूनही वरचे कवच जनावराच्या जिलेटिनचे असू शकते.

डॉक्टरांनी सांगितलेली कॅप्सूल असेल तर ती जेवणाबरोबर घ्यावी, म्हणजे तेल नीट शोषले जाते आणि ढेकरांचा त्रासही कमी होतो. बाटली उन्हापासून दूर, थंड जागी ठेवावी. सांगलीच्या एप्रिल-मे महिन्यांत खिडकीशी ठेवलेली बाटली लवकर खराब होते. मधूनमधून एखादी कॅप्सूल कापून हुंगून पाहावी. मासळीचा सौम्य वास यावयाचाच. पण जुन्या खोबऱ्यासारखा खवट दर्प आला तर ती बाटली टाकून द्यावी.